लॉग आणि घातांक असलेल्या फंक्शनची किंमत काढताना

‘क्ष = ४ असताना फंक्शनची किंमत काढा.’ प्रश्न दिसायला सरळ असतो. क्षच्या जागी ४ लिहायचे आणि आकडेमोड करायची. पण फंक्शनमध्ये लॉग किंवा घातांक आला की याच सरळ प्रश्नात भलतीच उत्तरं निघतात. लॉगचे नियम पाठ नसणं हे त्याचं कारण फार कमी वेळा असतं. बहुतेक वेळा कंस घातलेला नसतो, लॉगचा पाया कोणता हे पाहिलेलं नसतं, नाहीतर मधल्याच पायरीत आकडा गोल केलेला असतो. या तीन गोष्टी सांभाळल्या तर उरलेलं काम निव्वळ आकडेमोडीचं आहे.

आधी लिहिण्याची रीत ठरवून घेऊ. इथे ^ या खुणेचा अर्थ घात, म्हणजे २^३ = ८. लॉग_२(८) याचा अर्थ २ पाया असलेला ८ चा लॉग. नुसतं ‘लॉग’ लिहिलं असेल तर पाया १० समजायचा. ‘एलएन’ लिहिलं असेल तर पाया ई, म्हणजे २.७१८२८… ही संख्या.

लॉग म्हणजे मुळात एक प्रश्न असतो. लॉग_२(८) विचारतो की २ चा कितवा घात घेतला म्हणजे ८ मिळतील? तिसरा, म्हणून उत्तर ३. लॉगची किंमत नेहमी घातांक असते, हे एवढं डोक्यात पक्कं असलं तरी पुष्कळ काम होतं. लॉग(१०००) = ३, लॉग(०.०१) = −२, आणि लॉग_५(१) = ०, कारण कुठल्याही धन संख्येचा शून्यावा घात १ असतो.

यातूनच दोन बंधनं येतात. लॉगच्या आतली संख्या धन हवी. शून्य किंवा ऋण चालत नाही. बाहेर येणारी किंमत मात्र धन, ऋण, शून्य कशीही असू शकते. घातांकाचं बरोबर उलटं आहे. २^क्ष किंवा ई^क्ष मध्ये क्ष कुठलीही संख्या असो, येणारी किंमत कायम धन असते. तेव्हा ई चा कुठलाही घात ऋण आला तर पुढे जाऊच नये, चूक आधीच होऊन गेलेली आहे.

आधी आतलं तपासा, मग आकडा घाला

हे फंक्शन घेऊ:

फ(क्ष) = ५ · २^(क्ष − १) − लॉग_२(क्ष + ४)

पहिलं काम म्हणजे लॉगच्या आत काय आहे ते पाहणं. क्ष + ४ धन हवं, म्हणजे क्ष ची किंमत −४ पेक्षा मोठी हवी. ही अट कागदाच्या कडेला लिहून ठेवावी.

आता क्ष = ४. जिथे जिथे क्ष आहे तिथे कंसासकट (४) लिहायचं:

फ(४) = ५ · २^((४) − १) − लॉग_२((४) + ४)
= ५ · २^३ − लॉग_२(८)
= ५ · ८ − ३
= ३७

क्रम पाहा. घातांकातली वजाबाकी आधी, मग घात, मग गुणाकार, आणि बेरीज-वजाबाकी शेवटी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ५ आणि २ यांचा गुणाकार आधी करून १०^३ लिहिणं. मग उत्तर ३७ ऐवजी ९९७ येतं. घात फक्त त्याला चिकटलेल्या संख्येचा असतो. ५ त्याच्या बाहेर आहे.

क्ष = −२ घेतलं तर काय होतं? ‘लॉगमध्ये ऋण चालत नाही, म्हणून किंमत नाही’ असं अनेकजण लिहून मोकळे होतात. पण अट क्ष वर नाही, क्ष + ४ वर आहे. −२ + ४ = २, ते धन आहे, तेव्हा किंमत निघते:

फ(−२) = ५ · २^(−२ − १) − लॉग_२(−२ + ४)
= ५ · २^(−३) − लॉग_२(२)
= ५ · (१/८) − १
= ०.६२५ − १
= −०.३७५

२^(−३) म्हणजे −८ नव्हे. ऋण घातांक संख्येला ऋण करत नाही, तो तिला छेदात पाठवतो. फंक्शनची एकूण किंमत ऋण आली याला काहीच हरकत नाही, कारण तो ऋणपणा वजाबाकीतून आलेला आहे.

−४ च्या अगदी जवळ जाऊन बघितलं तर हे फंक्शन नीट कळतं. क्ष = −३.९ घेतलं की लॉग_२(०.१) = −३.३२१९ येतो. वजा वजा अधिक होतं, त्यात पहिल्या पदाचे ०.१६७५ मिळून किंमत ३.४८९४ होते. −४ ला किंमतच नाही, −४.५ ला तर प्रश्नच येत नाही. अशा ठिकाणी कॅल्क्युलेटरवर एरर दिसला तर यंत्र बिघडलेलं नसतं, ते बरोबरच सांगत असतं.

लॉग_२(०.१) कॅल्क्युलेटरवर कसा काढायचा, हे इथेच सांगून टाकू. २ पायाचं बटण नसेल तर दोन लॉग काढून भागायचे: लॉग(०.१) ÷ लॉग(२) = −१ ÷ ०.३०१०३ = −३.३२१९. हा दोन लॉगचा भागाकार आहे, भागाकाराचा लॉग नाही. लॉग(०.१ ÷ २) केलं तर −१.३०१० येतं आणि त्या आकड्याचा आपल्या प्रश्नाशी काही संबंध नसतो.

वजा, वर्ग आणि कंस

ग(क्ष) = ई^(−क्ष^२) हे फंक्शन संख्याशास्त्रात पावलोपावली भेटतं. घंटेच्या आकाराचा जो आलेख असतो त्याच्या मुळाशी हेच आहे. क्ष = −२ ला किंमत काढू. घातांकात −(−२)^२ येईल. वर्ग आधी: ४. मग बाहेरचं वजा: −४. म्हणून ग(−२) = ई^(−४) = ०.०१८३.

कंस न घालता − −२^२ असं लिहिलं तर वजा-वजा अधिक करण्याचा मोह होतो, घातांक +४ होतो आणि ई^४ = ५४.६ असं उत्तर येतं. ०.०१८३ आणि ५४.६ यांत जवळपास तीन हजार पटींचा फरक आहे, आणि तो एका कंसामुळे पडला.

एक्सेल वापरणाऱ्यांनी इथे खास सावध राहावं. वहीत −२^२ चा अर्थ −४ होतो, सायंटिफिक कॅल्क्युलेटरही −४ च दाखवतो. एक्सेलमध्ये मात्र =-२^२ लिहिलं तर +४ मिळतात, कारण सुरुवातीचं वजा चिन्ह एक्सेल घाताच्या आधी लावतं. गूगल शीट्समध्येही तसंच. म्हणजे ए१ या खणात −२ असताना =ईएक्सपी(-ए१^२) हे सूत्र ५४.६ देतं (ईएक्सपी म्हणजे ई चा घात). बरोबर सूत्र =ईएक्सपी(-(ए१^२)). एकावर एक घात असेल तर तिथेही कंस हवा. गणिताच्या रीतीने २^३^२ म्हणजे २^९ = ५१२, पण एक्सेल डावीकडून सुरुवात करून ८^२ = ६४ देतं. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा ५१२ देते. दोन्ही आपापल्या नियमाने चालतात, म्हणून आपण कंस घालून त्यांना पर्यायच ठेवू नये.

लॉगच्या बाबतीत कंसाचा घोळ छपाईत सुरू होतो. ‘लॉग २क्ष + १’ असं छापलेलं असतं. हे लॉग(२क्ष) + १ की लॉग(२क्ष + १)? सर्वसाधारण रीत अशी की लॉगची मजल अधिक-वजाच्या चिन्हापर्यंत. पुढचा १ बाहेर. क्ष = ४.५ ला पहिल्या अर्थाने १.९५४२ येतं, दुसऱ्या अर्थाने बरोब्बर १. उत्तर पूर्णांकात आलं म्हणजे ते बरोबर, असं इथे समजू नये. शक्य असेल तर ज्याने प्रश्न काढला त्याला विचारावं, नाहीतर आपण कोणता अर्थ धरला ते उत्तरात लिहावं.

आजकालच्या बऱ्याच कॅल्क्युलेटरवर लॉगचं बटण दाबलं की कंस आपोआप उघडतो. तो बंद करणं आपलं काम. लॉग(५ + ३ असं दाबून थेट बरोबरचं बटण दाबलं तर लॉग ८ म्हणजे ०.९०३ मिळतं. लॉग(५) + ३ हवं असेल तर उत्तर ३.६९९ आहे. वर्गाचंही तसंच: (लॉग ५)^२ = ०.४८८६, आणि लॉग(५^२) = १.३९७९. पुस्तकात ‘लॉग^२ ५’ असं लिहिलेलं असेल तर साधारणपणे पहिला अर्थ घेतात.

कुठला लॉग?

ही अडचण महाराष्ट्रातल्या अकरावी-बारावीच्या मुलांना एकाच दिवसात दोनदा येऊ शकते. गणिताच्या पुस्तकात १/क्ष चं इंटिग्रेशन ‘लॉग क्ष’ असं लिहितात. तिथे लॉगचा पाया ई असतो. त्याच मुलाच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात पीएच (द्रावणाच्या आम्लतेचं माप) = −लॉग[हायड्रोजन आयन] असतं, आणि तिथे पाया १० असतो. शब्द एकच, पाया वेगळा. गणिताच्या पेपरात लॉग २ ची किंमत ०.६९३१ आणि रसायनशास्त्रात ०.३०१०. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाची किंमत दुसऱ्यात घातली की उत्तर फसतं.

या दोन्हींमधला पूल म्हणजे २.३०३ हा आकडा:

एलएन क्ष = २.३०३ · लॉग क्ष

रसायनशास्त्रातल्या पहिल्या कोटीच्या अभिक्रियेच्या सूत्रात २.३०३ का असतं, याचं उत्तर एवढंच आहे. मूळ सूत्र एलएनचं आहे. लॉग टेबल १० पायाचं असल्यामुळे ते तसं बदलून घेतलेलं आहे. पदार्थ निम्मा उरतो तेव्हा सूत्रात लॉग २ येतो, त्याची किंमत काढून पाहा: २.३०३ × ०.३०१० = ०.६९३२. अर्धआयुष्याच्या सूत्रात जो ०.६९३ असतो तो इथूनच आलेला. ज्यांना दोन सूत्रं वेगवेगळी पाठ करावी लागतात त्यांनी हा गुणाकार एकदा स्वतः करावा.

यंत्रांमध्येही एकवाक्यता नाही. कॅल्क्युलेटरवरचा लॉग १० पायाचा. एक्सेलमध्ये लॉगला पाया सांगितला नाही तर तोही १० धरतो. पायथॉन आणि जावास्क्रिप्टमध्ये ‘मॅथ’ विभागातला लॉग मात्र ई पायाचा आहे. एक्सेलमधलं सूत्र उचलून पायथॉनमध्ये टाकलं तर कुठलाही एरर येत नाही, उत्तर मात्र २.३०३ पटीने सरकतं. तपासायला सोपी युक्ती: आधी लॉग(१००) काढून बघा. २ आलं तर पाया १०, ४.६०५ आलं तर पाया ई.

सोपं करून घ्यावं, पण कुठवर

किंमत घालण्याआधी फंक्शन सोपं करता आलं तर श्रम वाचतात. १०^(२ · लॉग ७) पाहिलं की कॅल्क्युलेटरकडे हात जायला नको. २ लॉग ७ म्हणजे लॉग ४९, आणि १०^(लॉग ४९) म्हणजे ४९. तसंच ई^(३ · एलएन २) = ८.

पण सोपं करताना फंक्शनच बदलू नये. लॉग(क्ष^२) आणि २ · लॉग क्ष हे दोन्ही एकच, असं पुस्तकातला नियम सांगतो. तो नियम क्ष धन असतानाचा आहे. क्ष = −३ घाला: पहिल्यात लॉग ९ = ०.९५४२, दुसऱ्यात लॉग(−३), ज्याला वास्तव संख्यांमध्ये किंमतच नाही. म्हणून अटी तपासायच्या त्या मूळ रूपावर, सोप्या केलेल्या रूपावर नाही.

आणि बेरजेचा लॉग फोडू नये. लॉग(१०० + १०) म्हणजे लॉग ११० = २.०४१४. त्याचे दोन भाग केले तर २ + १ = ३ येतात, जे १००० चा लॉग आहे. गुणाकार फुटतो, बेरीज फुटत नाही.

घातांकात क्ष आणि पायातही क्ष असेल, म्हणजे क्ष^क्ष, तर ते ई^(क्ष · एलएन क्ष) असं लिहून घेणं चांगलं. क्ष = २.५ ला एलएन २.५ = ०.९१६२९, त्याला २.५ ने गुणून २.२९०७३, आणि ई^२.२९०७३ = ९.८८२. अंदाज घेऊन पाहा: २^२ = ४ आणि ३^३ = २७, तेव्हा ९.८८ मध्ये बसतं. असा अंदाज किंमत काढण्याआधी बांधावा. नंतर बांधायला गेलं की आलेल्या उत्तराकडेच मन ओढलं जातं.

किल्लारीचा भूकंप, एका फंक्शनमध्ये

आता एक खरं फंक्शन. भूकंपाच्या तीव्रतेवरून बाहेर पडलेली ऊर्जा काढायचं गुटेनबर्ग आणि रिश्टर यांचं सूत्र असं आहे:

लॉग ऊ = ४.८ + १.५ म

म म्हणजे मॅग्निट्यूड, ऊ म्हणजे ज्यूलमध्ये ऊर्जा. ऊ एकटी करायची तर दोन्ही बाजू १० च्या घातात न्यायच्या:

ऊ(म) = १०^(४.८ + १.५ · म)

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेल्या आणि हजारो माणसांचा जीव घेणाऱ्या भूकंपाची नोंद ६.२ अशी आहे. म = ६.२ घालू. घातांक आधी पूर्ण करायचा: १.५ × ६.२ = ९.३, त्यात ४.८ मिळवून १४.१. म्हणजे ऊ = १०^१४.१. हा घात दोन भागांत फोडायचा: १०^१४ × १०^०.१. यातला १०^०.१ = १.२५९. उत्तर १.२६ × १०^१४ ज्यूल.

एवढा आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून विजेच्या युनिटमध्ये बदलू. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला की साधारण साडेतीन कोटी युनिट येतात. कोयना जलविद्युत प्रकल्पाची सगळी १,९६० मेगावॉट क्षमता सलग चालवली तर एवढी वीज तयार व्हायला सुमारे १८ तास लागतील. भूकंपात ही ऊर्जा काही सेकंदांत मोकळी झाली.

इथे चुका कुठे होतात? ४.८ आणि १.५ ची बेरीज आधी करून ६.३ × ६.२ = ३९.०६ असा घातांक केला तर ऊर्जा १०^३९ ज्यूलवर जाते. सूर्य एवढी ऊर्जा बाहेर टाकायला नव्वद हजारांहून जास्त वर्षं घेईल. असं उत्तर कागदावर येऊन राहतं, कारण मोठे घात सगळे सारखेच मोठे वाटतात. दुसरी चूक एककांची: काही जुन्या पुस्तकांत ४.८ ऐवजी ११.८ असतं. ते सूत्रही बरोबर आहे, पण तिथे ऊर्जा अर्गमध्ये येते. एक ज्यूल म्हणजे १०^७ अर्ग, म्हणून ७ चा फरक.

आता २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या नोंदीत तो ७.७ चा आहे. घातांक: १.५ × ७.७ + ४.८ = १६.३५. ऊ = २.२४ × १०^१६ ज्यूल. किल्लारीच्या किती पट? दोन मोठे आकडे भागण्याची गरज नाही, घातांकांची वजाबाकी करा: १६.३५ − १४.१ = २.२५, आणि १०^२.२५ = १७८. दीड मॅग्निट्यूडचा फरक, ऊर्जेत १७८ पट. एका पूर्ण अंकाला १०^१.५, म्हणजे ३१.६ पट. ‘एक अंक वाढला की दहापट’ असं जे ऐकू येतं ते जमिनीच्या हेलकाव्याबद्दल असतं, ऊर्जेबद्दल नाही.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट दिसते. मॅग्निट्यूड मोजण्यात ०.१ ची चूक झाली तर घातांकात ०.१५ ची होते, आणि ऊर्जेचं उत्तर १.४१ पट बदलतं. म्हणून अशा उत्तरात १.२५८९ × १०^१४ असे अंक मिरवण्यात अर्थ नाही. १.३ × १०^१४ पुरे.

लॉग टेबलने काढायचं असेल तर

राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या पेपरांत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. तेव्हा टेबल वाचणं ही त्या मुलांची रोजची गरज आहे, आणि त्यातली एक जागा फार फसवी आहे.

हायड्रोजन आयनची संहती ०.००४५ मोल प्रतिलिटर असेल तर पीएच किती? ०.००४५ = ४.५ × १०^(−३). टेबलात ४५ च्या ओळीत, ० च्या रकान्यात ६५३२ आहे. तो झाला मँटिसा, म्हणजे लॉगचा दशांश भाग: ०.६५३२. कॅरॅक्टरिस्टिक, म्हणजे पूर्णांक भाग, −३. लॉग म्हणजे −३ + ०.६५३२ = −२.३४६८. चिन्ह बदलून पीएच २.३५.

पारंपरिक पद्धतीत ही बेरीज न करता ३ च्या डोक्यावर आडवी रेघ मारून पुढे .६५३२ लिहितात. ‘बार ३’ चा अर्थ एवढाच की फक्त ३ ऋण आहे, दशांशानंतरचा भाग धनच आहे. −३.६५३२ आणि बार ३ पॉइंट ६५३२ हे दोन वेगळे आकडे आहेत.

आता उलटं. पीएच २.३४६८ दिला आहे, संहती काढा. म्हणजे १०^(−२.३४६८). इथे अनेकजण अँटिलॉग टेबलात (लॉगवरून मूळ संख्या काढायचं टेबल) थेट .३४६८ बघतात, २२२२ मिळतं, आणि ०.०२२२ असं उत्तर लिहितात. ते खऱ्या उत्तराच्या जवळपास पाचपट आहे. टेबल फक्त धन मँटिसासाठी बनवलेलं असतं. म्हणून आधी −२.३४६८ ला −३ + ०.६५३२ असं लिहायचं. मग .६५ च्या ओळीत ३ खाली ४४९८, मीन डिफरन्समध्ये (चौथ्या अंकासाठीचे कडेचे रकाने) २ खाली २, मिळून ४५००. उत्तर ४.५०० × १०^(−३). घातांक ऋण असेल तर अँटिलॉग उघडण्याआधी ही एक पायरी लिहायचीच, मनातल्या मनात करू नये.

गोल करायची घाई

लॉग आणि घातांक यांच्यात गोल केलेल्या आकड्याची चूक साध्या बेरजेसारखी वागत नाही. घातांकात झालेली छोटी चूक उत्तरात पटींनी उतरते.

२^५०० काढू. बहुतेक सायंटिफिक कॅल्क्युलेटर १०^१०० च्या पुढे जात नाहीत, त्यामुळे थेट दाबलं तर एरर येतो. लॉगने मात्र सहज निघतं: ५०० × लॉग २. लॉग २ = ०.३०१०३ घेतलं तर १५०.५१५, म्हणजे ३.२७ × १०^१५०. संख्येत १५१ अंक आहेत हेही कळलं. आता टेबलातली चार अंकी किंमत ०.३०१० घेऊन तेच करा: १५०.५, म्हणजे ३.१६ × १०^१५०. पाचव्या दशांश स्थळावरचा ३ सोडला तर उत्तर तीन टक्क्यांहून जास्त घसरलं, कारण तो ३ पाचशेने गुणला गेला. नियम सरळ आहे: लॉगला मोठ्या संख्येने गुणायचं असेल तेव्हा जास्तीचे अंक ठेवा, आणि गोल करा ते अगदी शेवटच्या ओळीत. कॅल्क्युलेटरवर मधला आकडा कागदावर उतरवून पुन्हा टाइप करण्याऐवजी मेमरीत किंवा ‘आन्सर’ बटणात ठेवावा.

मोठ्या घातांकांचा भागाकार असेल तर तो आधी कागदावर सोडवावा. ई^१००० ÷ ई^९९८ हे एक्सेलला जमत नाही, कारण ई^७१० लाच त्याची मर्यादा ओलांडली जाते. घातांकांची वजाबाकी केली की ते ई^२ = ७.३८९ आहे.

मुदत ठेव: पुढे आणि मागे

शेवटचं फंक्शन बँकेचं. आपल्याकडे मुदत ठेवीवर व्याज साधारणपणे तिमाही चक्रवाढीने धरतात. वार्षिक दर ७ टक्के असेल तर एका तिमाहीला १.७५ टक्के, आणि न तिमाह्यांनंतर १ लाखाचे होतात:

र(न) = १,००,००० × (१.०१७५)^न

पाच वर्षं म्हणजे न = २०. इथे ५ घालणं ही सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त होणारी चूक. (१.०१७५)^२० = १.४१४७८, म्हणून रक्कम १,४१,४७८ रुपये. चार अंकी लॉग टेबलने काढलं तर लॉग १.०१७५ = ०.००७५, गुणिले २० म्हणजे ०.१५००, अँटिलॉग १.४१३, आणि रक्कम १,४१,३०० रुपये. पावणेदोनशे रुपये टेबलातच राहिले. लॉग जेव्हा इतका बारीक असतो तेव्हा चार दशांशांपैकी पहिले दोन शून्यांतच जातात आणि कामाचे अंक दोनच उरतात. अशा वेळी टेबलावर विसंबू नये, (१.०१७५)^२ चा वर्ग, त्याचा पुन्हा वर्ग असं करत गेलं तर हातानेही जास्त अचूक उत्तर येतं.

आता प्रश्न उलटा करू: रक्कम दुप्पट कधी होईल? (१.०१७५)^न = २. न घातांकात अडकलेला आहे, त्याला खाली आणायला दोन्ही बाजूंचा लॉग घ्यायचा:

न = लॉग २ ÷ लॉग १.०१७५

लॉग कुठल्याही पायाचा घ्या, वर आणि खाली एकच असला म्हणजे झालं. एलएन घेऊन ०.६९३१४७ ÷ ०.०१७३४८६ = ३९.९५. वर्षांत मोजायचं तर ९.९९. व्याज वर्षातून एकदाच धरलं असतं तर लॉग २ ÷ लॉग १.०७ = १०.२४ वर्षं लागली असती. ७२ ला दराने भागायचा जो तोंडी हिशेब आहे तो १०.२९ सांगतो, तोही या वार्षिक उत्तराच्या जवळचा आहे.

३९.९५ हे गणिताचं उत्तर झालं. पण तिमाही चक्रवाढीत व्याज मुद्दलात मिळवलं जातं ते तिमाही पूर्ण झाल्यावर, म्हणून न पूर्णांक हवा. तो खाली गोल करून ३९ धरला तर रक्कम दोन लाखांना थोडी कमी पडते. ४० घालून पाहायचं: (१.०१७५)^४० म्हणजे १.४१४७८ चा वर्ग, २.००१६. दहा वर्षं पूर्ण झाली की खात्यावर २,००,१६० रुपये असतात.